आमेन म्हणताना तोंड उघडत नाही

«मावशी, सलाम.
माझं माहेर नेवासा तालुक्यातलं. पणजोबांच्या काळापासून आम्ही ख्रिस्ती. लग्न होऊन पिंपरीला आले. मिस्टर कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नोकरी सुटली, आता मी डबे करून घर चालवते. चर्चच्या मंडळीने उपास-प्रार्थना केल्या, मंडळीच्या वडीलजनांनी घरी येऊन मिस्टरांना तेल लावलं. फरक नाही. नणंद एका प्रार्थना ग्रुपला जाते. तिथले लोक म्हणतात, तुमच्या घरात विश्वास कमी पडतोय. डायलिसिस सोडा आणि देवाला काम करू द्या.
मावशी, त्यांचं खरं असावं. माझ्यात विश्वास उरलेला नाही. चर्चमध्ये सगळे आमेन म्हणतात तेव्हा माझं तोंड उघडत नाही. अयोग्य रीतीने घेतलं तर दोष लागेल म्हणून प्रभुभोजनाची भाकर-द्राक्षारस घ्यायला उठत नाही. रात्री डबे घासून झाले की ओट्यापाशी खाली बसते आणि म्हणते, 'तू आहेस का नाहीस, ते तरी सांग.' याला प्रार्थना म्हणत नाहीत, हे मला कळतं. मुलगी नववीत आहे. परवा म्हणाली, 'मम्मी, देव ऐकतो तर पप्पांचं का नाही ऐकत?' मी तिच्यावर ओरडले. आता उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला, देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर बोलायला सांगितलंय. काय बोलू? खोटं बोलू?
— एक भगिनी»

सलाम, बाळा.

तुझ्या पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टींना वेळ आहे, एका गोष्टीला नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते. डायलिसिस सोडायचं नाही. एकही पाळी चुकवायची नाही. किडन्या बंद पडलेल्या माणसाच्या अंगात पाणी साठतं, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि त्याने हृदय अचानक थांबू शकतं. मशीनपासून थोडे दिवस लांब राहणंही जिवावर बेतू शकतं. नणंदेशी वाद घालत बसू नकोस, तिलाही भावाची काळजी आहेच. पुढच्या पाळीला तिला सोबत घेऊन जा. चार तास ती भावाच्या उशाशी बसू दे आणि 'हे सोडलं तर काय होईल?' हा प्रश्न तिने स्वतः डॉक्टरांना विचारू दे. प्रत्यारोपणाचं काही बोलणं झालंय का, तेही त्याच वेळी विचारून घे. नातेवाइकांपैकी कुणाची किडनी जुळत नसेल, तर मृत दात्याच्या किडनीसाठी रुग्णालयामार्फत प्रतीक्षायादीत नाव नोंदवता येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. तुम्हाला ती लागू झाली नसेल, तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेट.

आता 'विश्वास कमी पडतोय' याबद्दल. हे वाक्य मी आजारी माणसांच्या घरांतून इतक्यांदा ऐकलंय की त्याचा मला मनापासून राग येतो. प्रेषित पौलाच्या हातून लोक बरे झाले, हे बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहेच. पण त्याच पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट काढून बघ. त्रफिम आजारी होता म्हणून मी त्याला मिलेतात ठेवून आलो, असं तो सरळ लिहितो. जिवाभावाचा सोबती आजारी, पौल स्वतः हजर, आणि तरीही तो बरा झाला नाही. पौलाने त्याचा दोष त्रफिमाच्या विश्वासावर ढकललेला नाही. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली आणि तो काटा राहिला. आणि त्याच्यासोबत फिरणारा लूक वैद्य होता. 'प्रिय वैद्य' असं पौलच त्याला म्हणतो. वैद्याला जवळ ठेवणाऱ्या पौलाला कुणी अविश्वासू म्हणत नाही, मग तुम्हाला कुणी का म्हणावं?

सगळं गमावून आजारी पडलेल्या त्या ईयोबाचे मित्र आठव. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. सगळ्या पुस्तकात त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. मग ते बोलायला लागले: तुझं काहीतरी चुकलं असणार, देव उगाच असं करत नाही. ईयोब मात्र देवाशी भांडत राहिला, जन्माला आलो तो दिवस जळो म्हणाला, देवाला जाब विचारला. आणि शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांपैकी अलीफजाला म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य ते बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि त्याच्यावर ओरडणारा बरोबर ठरला. नणंदेच्या ग्रुपमध्ये हा अध्याय कुणी मोठ्याने वाचावा असं मला फार वाटतं.

म्हणून त्या ओट्यापाशी बसून तू जे म्हणतेस, त्याकडे वळते. 'तू आहेस का नाहीस, ते तरी सांग.' बाळा, ही प्रार्थनाच आहे. स्तोत्रसंहितेत, बायबलातल्या त्या गाण्यांच्या पुस्तकात, अशा प्रार्थना जागोजाग सापडतील. तेराव्या स्तोत्रात दावीद सुरुवातीलाच देवाला चारदा विचारतो, कोठवर? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर आपल्या चर्चमध्ये फारसं वाचलं जात नाही, कारण ते गोड होऊन संपत नाही. आरंभापासून अखेरपर्यंत हाक, आणि शेवटी अंधार. 'पण तरी मी तुझी स्तुती करीन' अशी ओळसुद्धा त्यात नाही. तरीही ज्यांनी पवित्र शास्त्र जपलं त्यांनी ते स्तोत्र गाळलं नाही, देवाच्या लोकांच्या गाण्यांत ठेवलं. आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ज्याचा विश्वास पूर्ण होता, त्यानेही हे विचारलं. ज्याचा विश्वास मेला, तो कुणाला हाका मारत नाही. तू रोज रात्री मारतेस, दिवसभराचे डबे करून, घासून, पाय दुखत असताना. मी याला विश्वास म्हणते. त्यात गोडवा नाही, उमाळा नाही, हे खरं. पण तो अजून त्याच दाराशी बसलेला आहे.

प्रभुभोजनाचं मात्र मनाला लागलं, कारण आपल्याकडे ही भीती घरोघरी आहे. 'अयोग्य रीतीने' हे शब्द जिथे येतात तो करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आहे. नुसती तेवढी ओळ वाचू नकोस, दहा ओळी आधीपासून वाच. करिंथात काय चाललं होतं? लोक भोजनाला एकत्र यायचे, आणि ज्यांच्याकडे होतं ते आपलं आपण आधी खाऊन घ्यायचे. एक उपाशी राहायचा, दुसऱ्याला चढलेली असायची. पौल चिडलाय तो यावर: ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता! अध्यायाच्या शेवटी उपायही तोच सांगतो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. संशय आलेल्या, दमलेल्या, रडकुंडीला आलेल्या बाईबद्दल तिथे एक अक्षर नाही. आणि 'आत्मपरीक्षण करावे' म्हटल्यावर पुढे काय म्हटलंय? मग खावे आणि प्यावे. मागे बसून राहावे असं म्हटलेलं नाही. पहिल्या प्रभुभोजनाला शिष्य पेत्र बसला होता, काही तासांनी तो आपल्याला नाकारणार हे ठाऊक असूनही प्रभूने त्याला उठवलं नाही. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात उठलेला प्रभू गालीलातल्या डोंगरावर शिष्यांसमोर उभा आहे, ते नमन करतात, आणि लगेच पुढे लिहिलंय की कित्येकांना संशय वाटला. प्रभूने संशयवाल्यांना बाजूला काढून उरलेल्यांना जगात पाठवलं नाही. सगळ्यांना पाठवलं.

तेव्हा येत्या प्रभुभोजनाला उठ. 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक,' असं म्हणणाऱ्या त्या आजारी मुलाच्या बापाइतकं जरी मनात असलं तरी पुष्कळ. त्या बापाचं पोर प्रभूने याच एवढ्या बळावर बरं केलं होतं. आणि आमेन नाही आलं तोंडातून तर नको येऊ दे. शेजारची म्हणेल. मंडळी त्यासाठीच असते. 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातलं एखादं गीत इतर जणी गातात तेव्हा तू फक्त पुस्तक धरून उभी राहा.

तू नेवाशाकडची आहेस, कधीतरी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये गेली असशील. रमाबाईंबद्दल आपण मुलांना सांगतो ते त्यांच्या कामाबद्दल, त्यांच्या संशयांबद्दल क्वचितच. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोवर पती पटकीने गेले. तान्ही मनोरमा कडेवर. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण ज्या सिस्टर त्यांना शिकवत होत्या त्यांच्याशी त्रैक्यापासून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) चर्चच्या अधिकारापर्यंत सगळ्यावर पत्रांतून वाद घातला. पटल्याशिवाय मान डोलावली नाही. त्या सिस्टरांना हा गर्व वाटला. पुढे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळलं, ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! आणि त्यातल्या शेवटच्या वर्षांत त्या शारदा सदन चालवत होत्या, विधवा मुलींना शिकवत होत्या, प्रार्थना करत होत्या. शेवटी १९२१ मध्ये तीच मनोरमा त्यांच्याआधी गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत, पण बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही. तुझे आताचे दिवस विश्वासाच्या बाहेरचे आहेत असं तुला वाटतं ना? मला ते आतलेच वाटतात.

एक गोष्ट तू मागितली नाहीस, मीच सांगते. तू फार दमली आहेस. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडुपाखाली जाऊन मला मरण दे म्हणाला, तेव्हा देवदूताने आधी त्याला झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. देवाचं बोलणं नंतर, होरेब डोंगरावर. मंडळीने तेल लावलं ते याकोबाच्या पत्राप्रमाणे, छान केलं. पण त्याच याकोबाने दुसऱ्या अध्यायात लिहिलंय की भावाबहिणीला अन्नवस्त्र नसताना 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' एवढंच म्हटलं तर काय उपयोग? हे वाक्य घेऊन पाळकसाहेबांकडे आणि महिला मंडळाच्या बायकांकडे जा. काय हवं ते नेमकं सांग: आठवड्यातली एक पाळी तरुण संघातल्या कुणीतरी मिस्टरांसोबत जावं. महिन्यातून एक रविवार दुपारचं जेवण कुणीतरी आणावं. मुलीच्या गणिताला कुणी शिकलेलं असेल तर तासभर बसावं. मागायला लाजू नकोस, तुझ्या हातचे डबे खाऊन किती घरं सकाळी कामाला निघतात.

मुलीकडे आजच जा. ओरडल्याबद्दल माफी माग आणि तिला खरं सांग: 'मलाही कळत नाही. मीही रोज तेच विचारते.' तिच्यासमोर देवाची वकिली करू नकोस. नववीतल्या पोरीला खोटं उत्तर लगेच ओळखू येतं, आणि मग ती देवाबद्दल आईला विचारणंच बंद करते. जमलं तर रात्री दोघी मिळून तेरावं स्तोत्र वाचा, सहाच वचनं आहेत. ती 'कोठवर' म्हणेल तेव्हा तिला कळेल की तिचा प्रश्न कुणीतरी फार पूर्वी लिहून ठेवलाय आणि तो विचारल्याबद्दल कुणी तिला चर्चमधून काढणार नाही. ती आणखी काही वर्षं संशयात राहिली तरी घाबरू नकोस. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांना नवऱ्यामागून बाप्तिस्म्यापर्यंत यायला पाच वर्षं लागली होती, आणि आल्या त्या स्वतःच्या पायांनी.

राहिली साक्ष. खोटं बोलायचं नाही. उपकारस्तुतीला बरं झाल्याचीच गोष्ट सांगावी लागते असा काही नियम नाही. पाळकसाहेबांना दोन दिवस आधी भेट आणि आपण काय बोलणार ते आधीच सांगून ठेव, म्हणजे त्यांनाही अचानक वाटणार नाही. नकोच वाटलं तर 'या वर्षी माझ्याने होणार नाही' म्हण, तेही चालतं, त्यांनी मानलं पाहिजे. पण उभी राहिलीसच तर चार वाक्यं पुरे: 'माझे मिस्टर अजून आजारी आहेत. आम्ही डायलिसिस सुरू ठेवणार आहोत. मला हल्ली प्रार्थना येत नाही, तुम्ही माझ्यासाठी करा. आणि गुरुवारच्या पाळीला कुणी सोबत येऊ शकत असेल तर उपासनेनंतर मला भेटा.' मग खाली बस. उपासना संपल्यावर दाराशी थोडा वेळ थांब, घाईने घरी जाऊ नकोस.

डॉक्टरांशी बोलणं झालं की कळव.

तुझी मावशी