सही केली नाही तर माहेर तुटेल का?

मी समुपदेशनाचं काम करते. "मॅडम, हिस्सा मागितला तर माहेर तुटेल का?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला इतक्या बायकांनी विचारलाय की आता कुणी खुर्चीत बसून पर्समधून घडी घातलेला कागद काढायला लागलं की मला अंदाज येतो. कुणी झोप येत नाही म्हणून आलेली असते, कुणाची बीपीची गोळी अचानक वाढलेली असते, कुणी म्हणते नुसतं रडू येतं हो कारण नसताना, आणि अर्ध्या तासाने कळतं की वडील जाऊन दोन महिने झालेत आणि भाऊ सहीला बोलावतोय.

त्यातल्याच एकीचं सांगते. नाव बदललंय, काही तपशील बदललेत, आणि लिहायच्या आधी त्यांना विचारलंय. सुनंदाताई म्हणूया. वय ४७, सातारा जिल्ह्यात माहेर, सासर तिथून एसटीने दोन तासांवर. छातीत धडधड होते म्हणून डॉक्टरकडे गेल्या, ईसीजी नॉर्मल आला, मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. पहिला अर्धा तास फक्त झोपेचंच बोलत होत्या, रोज पहाटे तीनला जाग येते म्हणाल्या. मी विचारलं, जाग आल्या आल्या पहिलं काय येतं डोक्यात? त्या पटकन म्हणाल्या, "गुरुवार."

गुरुवारी तालुक्याला जायचं होतं, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात. भावाने, राजूने, व्हॉट्सअ‍ॅपवर कागदाचा फोटो पाठवला होता आणि फोनवर सांगितलं होतं, वारस नोंदीसाठी लागतं, पाच मिनिटांचं काम आहे, येताना आधार कार्ड आण. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. फोटो फक्त पहिल्या पानाचा होता आणि वर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, हक्कसोडपत्र.

इथे जरा थांबते, कारण ही गल्लत मी फार वेळा बघते. वारस नोंद वेगळी आणि हक्कसोड वेगळी. माणूस गेल्यावर तलाठ्याकडे अर्ज आणि मृत्यूचा दाखला द्यायचा, मग सगळ्या वारसांची नावं फेरफाराने, म्हणजे जमिनीच्या नोंदीत बदल होऊन, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर येतात, त्याची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, आणि या सगळ्यात बहिणीने हक्क सोडायची काही गरज नसते, उलट तिचं नाव लागायला पाहिजे. हक्कसोडपत्र म्हणजे माझा वाटा मी सोडला असं रजिस्टर करून देणं. ते एकदा नोंदवलं की नंतर नुसतं मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. राजूने मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही, गावाकडे पुष्कळांना हा फरक खरंच माहीत नसतो, वारस नोंद म्हणजेच बहिणींच्या सह्या घेणं अशी रीतच पडून गेलीय.

पण सुनंदाताईंना फरक कळला तरी त्यांचा चेहरा हलला नाही. म्हणाल्या, "ते मला माहीत होतं मॅडम. मला वाचता येतं." मग मला कळलं की मी घाई केली, कायदा सांगायला बसले, बाईला कायदा नको होता.

घरची परिस्थिती अशी. राजू पाच वर्षांनी लहान, याच बाईच्या कडेवर वाढलेला. दहावीनंतर यांची शाळा थांबली कारण दोघांचा खर्च झेपणार नव्हता, राजूला पुढे डिप्लोमाला घातलं. त्याबद्दल राग नाही असं त्या म्हणाल्या, पण न विचारताच म्हणाल्या. वडिलांचं शेवटचं दीड वर्ष डायलिसिसवर गेलं, आठवड्यातून दोनदा राजू न्यायचा आणायचा, त्याच्या बायकोने पथ्यपाणी केलं, अंथरूण काढलं. "मी काय केलं, रोज संध्याकाळी फोन केला." हे वाक्य त्या तीन वेळा बोलल्या. ही टोचणी खरी असते, तिला उडवून लावू नये असं माझं मत आहे. भावाने खरोखर केलेलं असतं. पण केलेल्या सेवेचा हिशोब हा बोलून, मोकळेपणाने, वाटपाच्या वेळी करायचा असतो, तेरावं झाल्या झाल्या न वाचलेल्या कागदावर नाही.

दुसऱ्या बाजूला नवरा. त्यांचं म्हणणं, सही अजिबात करायची नाही, तीन एकरातला एक एकर आपला, तो विकला की घराचं अर्धवट राहिलेलं काम होईल. म्हणजे बघा, भाऊ म्हणतो कर, नवरा म्हणतो करू नको, दोघं ठाम, आणि गेले वीस दिवस दोघांचे फोन या बाईच्या मोबाईलवर.

मी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे?

"मला भांडण नको."

हे नको झालं. पाहिजे काय?

त्या बराच वेळ पदराची कड दुमडत बसल्या. मग म्हणाल्या, विचार करून सांगते. या उत्तराला दोन बैठका लागल्या, आणि खरं सांगू का, माझ्या कामातला सगळ्यात मोठा वेळ इथेच जातो. पन्नाशीला आलेल्या बाईला तुला काय पाहिजे असं सरळ विचारलं तर तिला आधी आठवतं कोणाला काय वाटेल ते. गुरुवारचं तेवढं पुढे ढकलायला मी सांगितलं, बरं नाही म्हणून कळवा, ते खोटंही नव्हतं.

तोवर माहेराबद्दल बोललो. मी म्हटलं, माहेर तुटेल म्हणजे नेमकं काय तुटेल, एकेक सांगा. आधी भाऊबीज म्हणाल्या. मग म्हणाल्या, वर्षातले चार दिवस कुणीतरी बसल्या जागी चहा आणून देतं. मग खूप हळू आवाजात, "उद्या इकडे काही झालं तर जायचं कुठं?"

बायका सही का करतात ते या वाक्यात आहे असं मला वाटतं. लोक म्हणतात बहीण मोठ्या मनाची, साडीचोळीवर समाधान मानते. काही जणी खरंच मनापासून सोडतात, भावाची परिस्थिती बघून सोडतात, आणि विचार करून सोडलं तर ते पूर्ण बरोबर आहे, त्यांना कुणी मूर्ख म्हणू नये. पण बऱ्याच जणी वाट्याच्या बदल्यात परत यायची परवानगी विकत घेतात. आणि ही परवानगी पाळली जाईल याची खात्री कुणी देत नाही. सही करूनही दोन वर्षांत ज्यांचं जाणं-येणं बंद झालं अशा बायका माझ्याकडे आल्यात. सही न करता वर्षभर अबोला सोसला आणि मग भाचीच्या लग्नात मानाने बोलावलं गेलं अशाही आल्यात. त्यामुळे सही केली तर माहेर टिकेल, नाही केली तर तुटेल हे गणित मला तरी कधी जुळलेलं दिसलं नाही.

आणखी एक मी त्यांना सांगितलं. तुमच्या आजीकडे कुणी सही मागायला आलं होतं का? नाही. कारण गरजच नव्हती, तिचं नाव कुठल्या कागदात यायचा प्रश्नच नव्हता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा जन्माने भागीदार आणि मुलगी नाही असंच राहिलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये ते बदललं, तरी आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या, मग २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेली असो नसो, मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क दिला. त्यावरही वाद चालला होता की २००५ ला वडील हयात असायला हवेत, तो सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात मिटवला, तशी अट नाही म्हणून. म्हणजे आज भाऊ सही मागतो कारण तुमच्या सहीशिवाय त्याचा कागद पुरा होत नाही. एवढी जागा बाईला मिळालीय. पण कागदात मिळालेली जागा घरात मिळायला वेळ लागतो, २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांमध्ये बायका सुमारे १४ टक्केच होत्या, आणि शेतात राबणाऱ्या किती असतात ते कुणालाही बांधावर उभं राहिलं की दिसतं.

हे ऐकताना सुनंदाताईंना रडू आलं, आणि मला वाटलं वडिलांच्या आठवणीने. पण त्या म्हणाल्या, "मॅडम, माझ्या नणंदेने आठ वर्षांपूर्वी सही केली. आमच्या घरी. मी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या होत्या."

सासरे गेल्यावर मोठ्या नणंदेला बोलावलं होतं, गाडी करून ऑफिसात नेलं, दुपारी सगळे घरी आले. "मला बरं वाटलं होतं हो. सुटलो एकदाचे असं वाटलं. वन्सं काही बोलल्याच नाहीत आणि मी पण विचारलं नाही." त्यानंतर कितीतरी वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही. मी त्यांना दिलासा दिला नाही. काही गोष्टींवर लगेच फुंकर घालू नये.

पुढच्या बैठकीला त्या आल्या त्या उत्तर घेऊनच. "मला पैसे नकोत. एकर विकायचा तर मुळीच नको. माझ्या बापाच्या उताऱ्यावर माझं नाव पाहिजे." बास, एवढंच. आणि म्हणाल्या, आईला फोन केला होता. आईला विचारलं, तुझं नाव लागणार आहे का गं? आई म्हणाली, मला काय करायचंय नाव, किती दिवस राहिलेत माझे. आणि मग म्हणाली, राजू म्हणालाय मलाही गाडीतून यायचंय सहीला.

म्हणजे आईचा हक्कही त्याच कागदात सोडून घ्यायचा होता. ७१ वर्षांची बाई, आयुष्यभर त्या शेतात खुरपलेली, आणि तिच्या नावावर एक गुंठाही राहणार नव्हता. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली होती आणि मृत्युपत्र नव्हतं, अशा वेळी आई, मुलगा, मुलगी तिघांना सारखा वाटा येतो. (वडिलोपार्जित असेल तर हिशोब वेगळा पडतो, तो वकिलाकडून समजून घ्यावा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, तालुका विधी सेवा समितीत जाऊन विचारायचं.) विधवा आईने सगळं मुलाच्या नावावर करून द्यावं हे मला कधीच पटत नाही, मुलगा कितीही चांगला असो. सून चांगली असली तरीही.

मग आम्ही तयारी केली. राजूला काय सांगायचं ते एका वहीच्या पानावर त्यांच्याच शब्दांत लिहिलं, त्यातले दादा म्हणजे त्यांचे वडील. "राजू, मी तुझ्या विरोधात नाही. दादांचं तू केलंस ते मी विसरणार नाही. पण मी आत्ता सही करणार नाही, आणि आईनेही करू नये असं मला वाटतं. आधी तिघांची नावं लागू दे. पुढचं आपण तिघं बसून बोलू." सात वेळा म्हणून घेतलं. प्रत्येक वेळी "राजू" म्हणताना आवाज फुटायचा, बाकी वाक्य नीट यायचं. मी म्हटलं, फुटू दे, तसंच बोला. वकिलाची नोटीस पाठवण्याआधी एकदा माणसाने माणसाशी असं बोलून बघावं, कोर्ट कुठे पळून जात नाही.

राजू फोनवर म्हणाला, "शिकवलंय तुला कुणीतरी." आणि फोन ठेवला. लग्नात तुझ्यावर खर्च केला तो काय होता, असा मेसेज रात्री आला. लग्नाचा खर्च म्हणजे वाटा नव्हे, कायदा तो धरत नाही, हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनी उत्तर दिलं नाही, ते मला आवडलं. त्या वर्षी भाऊबीजेला राजू आला नाही. त्यांनी ताट तयार केलं होतं, निरांजन, सुपारी, करदोडा सगळं. रात्री नऊपर्यंत वाट बघून मग देव्हाऱ्यापुढे ठेवलं. तो आठवडा वाईट गेला, धडधड परत आली, दोनदा मला फोन आला.

आणि एक नकार अजून बाकी होता, त्याची तयारी मी करून घेतली नव्हती, तो त्यांचा त्यांनी दिला. नवऱ्याला सांगितलं, नाव लागलं तरी मी विकणार नाही, घराचं काम आपण आपल्या पैशातून करू. दोन दिवस ते बोलले नाहीत. सुनंदाताई म्हणाल्या, "मॅडम, दोन्हीकडून अबोला आणि मला त्या रात्री झोप लागली, सकाळी सहालाच जाग आली."

फेब्रुवारीत आईचा फोन आला, राजूने वारस नोंदीचा अर्ज दिलाय, तिघांच्या नावाने. का दिला, कुणी समजावलं, की आईच अडून बसली, ते आम्हाला अजून माहीत नाही. फेरफार मंजूर झाल्यावर सुनंदाताईंनी ऑनलाइन उतारा काढून प्रिंट माझ्याकडे आणली. आईचं नाव, राजूचं नाव, आणि खाली त्यांचं. लग्नानंतरचं नाव आणि पुढे सासरचं आडनाव. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "दादांचं नाव नाही आलं माझ्यापुढे, पण उतारा दादांचाच आहे ना." राजू अजून नीट बोलत नाही. गावाकडे गेल्या तेव्हा चहा वहिनीने आणून दिला, तो समोरून निघून गेला.

नणंदेला त्यांनी फोन केला तो यानंतर. आधी इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, वन्सं, त्या दिवशी मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग वन्सं म्हणाल्या, "त्या पोळ्या मी खाल्ल्या नव्हत्या गं. पानात तशाच होत्या. तुझ्या लक्षात नाही आलं."

येत्या रविवारी त्या वन्संकडे जाणार आहेत, नवऱ्याला घेऊन. ते यायला तयार झालेत, काय बोलायचं ते दोघांनाही कळत नाहीये. शुक्रवारी दोघं मिळून माझ्याकडे येतायत.