वाचकांचे प्रश्न : दरीतले धुके

प्रश्न : ऑक्टोबरअखेर आम्ही उभयता महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटवर सूर्योदयासाठी गेलो. आमच्या माथ्यावर आकाश निरभ्र होते, पण खालची दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. नऊनंतर ती मोकळी झाली. असे का होते?

उत्तर : आपल्याला फार सुंदर दर्शन घडले. विल्सन पॉइंट, म्हणजे पूर्वीचा सिंदोळा, सुमारे 1439 मीटर उंचीवर असून महाबळेश्वरातील सर्वांत उंच ठिकाण आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, तिला लागून असलेली हवा गार व जड होऊन उतारांवरून दरीत साचते, आणि पावसाळ्यानंतर माती व झाडी अजून ओलसर असल्यामुळे त्या हवेतील बाष्पाचे धुके बनते. माथा या थंड थराच्या वर राहतो. ऊन वाढले की जमीन तापते, हवा हलू लागते आणि धुके विरते.

पुन्हा जाल तेव्हा सूर्योदयापूर्वी अर्धा तास पोहोचा, अंगात स्वेटर असू द्या; आणि सूर्य वर आला म्हणून लगेच परतू नका, कारण धुके विरताना एकेक डोंगरसोंड उघडी पडते, तो तासभर मला सूर्योदयाहूनही मोलाचा वाटतो.