मोती घेताना भोकात डोकावा

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी मोत्याची नथ, तन्मणी आणि कुड्या करायच्यात. खडेबाजारात तीन दुकानं पालथी घातली. सारख्याच दिसणाऱ्या सरांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. दुकानदार एक सांगालाय, शेजारीण दुसरंच. दातावर घासलं की खरा मोती कळतो म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, दातावर घासून अर्धंच कळतं. मोती समोरच्या दाताच्या कडेवर हलकेच फिरवा. खरा मोती बारीक रव्यासारखा खरखरतो, काच आणि प्लॅस्टिक सहसा गुळगुळीत लागतं. शिंपल्यातला जीव कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिसूक्ष्म चकत्यांचे थर चढवत जातो, ती खरखर त्या थरांची. पण नकली मोत्याचा मुलामाही कधी खरखरीत असतो. शिवाय कल्चर मोती, म्हणजे माणसाने पिकवलेला, तोही शिंपल्यातच वाढलेला, म्हणजे खराच. तोही तसाच खरखरतो.

म्हणून भोक बघा. सराफाकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग असतंच, ते मागून घ्या. नकली मोत्याच्या भोकाशी मुलाम्याचे पापुद्रे सुटलेले दिसतात, कल्हई उडालेल्या भांड्याच्या काठासारखे, आणि आत काच किंवा प्लॅस्टिक दिसतं. खाऱ्या पाण्यातल्या कल्चर मोत्यात मध्ये शिंपल्याची गोळी असते. भोकाच्या तोंडाशी वरचा थर आणि आतली गोळी यांच्यामधली रेघ दिसते. तो थर जितका जाड तितका मोती टिकाऊ. थर पातळ असेल तर काही वर्षांच्या घामाने तो झिजून आतली गोळी उघडी पडते. गोड्या पाण्यातल्या मोत्यात बहुधा गोळी नसते, आतपर्यंत एकच माल. बाजारात आज बहुतेक हेच, चीनमध्ये पिकलेले. ‘हैदराबादी’ म्हणून विकले जातात तेही बहुधा बाहेरून आलेले. हैदराबादची ख्याती ते भोकं पाडून, निवडून, ओवण्याची.

मग चमक. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळेच मोती छान दिसतात. सर दाराशी आणा, पांढऱ्या कागदावर ठेवा. दाराची चौकट मोत्यात रेखीव उमटली तर चमक उत्तम. दुधाळ, खडूसारखा पुसट डाग दिसला तर तो मोती मोठा असला तरी सोडा. आमच्या मते आकारापेक्षा चमकेला पैसे मोजावेत. नथीला २ ते ३ मिलिमीटरचे मोती लागतात, तिथे तर चमकच दिसते. शेवटी सर सपाट काचेवर लोळवा. वेडेवाकडे मोती असतील तर तो डुगडुगतो. मात्र एकही डाग नाही, सगळे मोती तंतोतंत सारखे आणि वर स्वस्त, असा सर नकली समजा. ‘शेल पर्ल’ म्हणजेही शिंपल्याच्या गोळीवर मुलामा. रोजच्या वापराला जरूर घ्या, पण नकलीच्या दरात.

प्रश्न : सराफ आजीची जुनी नथ मोडून तिच्या बदल्यात नवी ‘बसरा’ मोत्यांची नथ देतो म्हणतोय. घ्यावी का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : एवढ्यात नको. बसरा म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती. जपानच्या मिकिमोतोंनी १८९३ मध्ये पहिला अर्धगोल कल्चर मोती काढला, पुढे गोल कल्चर मोती बाजारात आले आणि आखातातला तो धंदा बसला. आज नवा माल ‘बसरा’ म्हणून सहज हाती येत नाही. नैसर्गिक की कल्चर, हे डोळ्यांनी ठरत नाही, क्ष-किरण तपासणी लागते. रत्न प्रयोगशाळेचा दाखला नसेल तर त्या नावाचे पैसे देऊ नका.

उलट खरे बसरा आजीच्याच नथीत असू शकतात! मोडीत सोन्याचंच वजन धरतात, मोत्यांना सहसा काहीच मिळत नाही. आधी मोती तपासून घ्या.

नवा दागिना घेताना बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं आणि मोत्यांचं वेगळं लिहून घ्या, नाहीतर मोती सोन्याच्या भावाने गळ्यात पडतात. हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, मोत्याची नाही. आणि २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला तो सक्तीचा नाही. हलक्या नथी त्यातच येतात, तेव्हा शुद्धता बिलावर हवीच.

प्रश्न : सर तुटला, मोती पिवळट झालेत. चिंचेने उजळतील का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : चिंच, लिंबू मुळीच नको, आंबटाने मोत्याचा थरच विरघळतो. टूथपेस्टनेही चरे पडतात. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब टाकून मऊ फडक्याने पुसा. वरचा मळ निघेल, आतून चढलेला पिवळेपणा नाही. सर पटवेकऱ्याकडून रेशमी दोऱ्यात, दर मोत्यामागे गाठ मारून ओवून घ्या. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एखादाच निसटतो. ४० सेंटिमीटरच्या सरात ६ मिलिमीटरचे साधारण साठ मोती बसतात, ते मोजून द्या आणि मोजून घ्या. नेहमी वापरत असाल तर दोन वर्षांनी दोरा बदला; मोती आणि गाठ यांत फट दिसली तर त्याआधीच. ओला सर टांगू नका, दोरा ताणतो. फडक्यावर आडवा वाळवा आणि मलमलच्या तुकड्यात गुंडाळून सोन्यापासून वेगळा ठेवा.