डॅलसहून घरी, वाळवंटाच्या वाटेनं

प्रश्न: ताई, नाताळला आम्ही डॅलसला नणंदेकडे आहोत. २६ डिसेंबरला गाडीनं कॅलिफोर्नियात अर्वाइनला परत निघू. सोबत साताऱ्याहून आलेले सासू-सासरे आणि सहा वर्षांचा मुलगा. वाटेतली वाळवंटातली नॅशनल पार्क बघावीत असं मला फार वाटतंय. नवरा म्हणतो, “वाळूत काय बघायचं? सरळ आय-१० महामार्गानं घरी.” सासूबाईंचे गुडघे दुखतात. जमेल का? आणि नणंद कढीपत्त्याचं रोप देणार आहे, ते डिकीत टिकेल ना?
– एक वाचक, अर्वाइन

उत्तर: जमेल की! नवरोबांना सांगा, आय-१० नं सरळ गेलात तरी लागणार वाळवंटच. मग खाली उतरून बघितलं तर बिघडलं कुठे? मात्र डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून दिवसाला एकच पार्क, तेही सकाळी. उरलेला दिवस गाडी हाकायची.

पहिल्या दिवशी एल पासो गाठा. सहाशे मैलांच्या वर आहे, त्यामुळे वाटेत काही बघायच्या भानगडीत पडू नका.

दुसऱ्या दिवशी न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स पार्क. तिथली पांढरी वाळू म्हणजे जिप्सम, आपल्या पीओपीच्या गणपतींचा कच्चा माल. डोंगरातून पाण्याबरोबर विरघळून आलेलं जिप्सम एरवी नदीनं समुद्राला गेलं असतं. इथल्या खोऱ्यातून पाण्याला बाहेर जायला वाटच नाही, म्हणून ते तिथेच साठलं. चिरंजीवांना तिथल्या दुकानातून प्लास्टिकची घसरायची थाळी घेऊन द्या आणि तासभर विसरा. सासूबाईंसाठी लाकडी फळ्यांची सपाट पायवाट आहे, जाऊन-येऊन अर्धा मैलसुद्धा नाही. चारही बाजूंनी लष्कराचं क्षेपणास्त्र-चाचणीचं क्षेत्र आहे. चाचणी असली की रस्ता दोन-तीन तास बंद ठेवतात, तेव्हा आदल्या दिवशी पार्कच्या वेबसाइटवर बघून घ्या. सकाळी गारठा असतो, सासऱ्यांची कानटोपी वरच ठेवा.

तिथून लास क्रूसेसकडे येताना बॉर्डर पेट्रोलचं नाकं लागतं. सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीची) प्रिंट, तुमचं ग्रीन कार्ड किंवा व्हिसाची कागदपत्रं हाताशी असू द्यात, डिकीतल्या बॅगेच्या तळाशी नकोत. दोन प्रश्न विचारतात आणि सोडतात. पण “पासपोर्ट नणंदेकडेच राहिले” हे तिथे सांगायची वेळ येऊ नये.

लॉर्ड्सबर्गच्या पुढे कोरड्या तळ्यावरून धुळीचा लोट उठला आणि पुढचं दिसेना, तर रस्त्यापासून जितकं बाजूला जाता येईल तितकं जा, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू राहिले तर मागचा तुम्हाला चालती गाडी समजून मागे-मागे येतो. आम्हा ॲरिझोनावाल्यांना हे तोंडपाठ असतं.

मुक्काम टूसॉन. सवारो पार्क शहराच्या दोन्ही बाजूंना आहे. एकच करायचं तर मी पश्चिमेचं सांगेन. तिथेही सासूबाईंना झेपेल अशी अर्ध्या मैलाची फरसबंद वाट आहे. सवारो निवडुंगाला पहिली फांदी फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. सासऱ्यांना त्यांच्या वयाचा एखादा शोधायला लावा. चोया नावाच्या निवडुंगापासून मात्र मुलाला दूर ठेवा. नुसता हात लागला तरी अख्खा गोळा चिकटून येतो. बोटांनी उपटायला जाऊ नका, मोठ्या दातांच्या कंगव्यानं उडवा.

पासचं सांगते. व्हाइट सँड्स २५, सवारो २५ आणि वाटेतलं शेवटचं पार्क जोशुआ ट्री ३० डॉलर, गाडीमागे. बेरीज ८०. इथल्या रहिवाशांचा वार्षिक पासही ८० चाच. तोच घ्या, वर्षभर चालेल.

आता कढीपत्ता. ब्लाइथजवळ कॅलिफोर्नियाचं शेतीखात्याचं तपासणी नाकं आहे. लिंबू-संत्र्यांचा जीव घेणारा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावर पोसली जाते, त्यामुळे टेक्सासचं रोप तुम्हाला नेता येणार नाही. लपवून तर मुळीच नेऊ नका. त्याऐवजी नणंदबाईंकडून भरपूर दशम्या आणि लसणाची चटणी मागून घ्या, कारण जोशुआ ट्रीत खायला काही मिळत नाही, पेट्रोलही नाही आणि फोनला रेंज जवळपास नसतेच.

ब्लाइथला मुक्काम करून सकाळी जोशुआ ट्रीत कॉटनवुडच्या दक्षिण गेटनं शिरा. पेट्रोल मात्र ॲरिझोनातच, कोलोरॅडो नदी ओलांडायच्या आधी भरा. पलीकडचे भाव तुम्हाला ठाऊकच आहेत. सुरुवातीला जोशुआची झाडं दिसणार नाहीत, नवरोबा कुरकुर करतील. ती वरच्या, उंचावरच्या भागात आहेत. नाताळच्या आठवड्यात पश्चिम गेटवर गाड्यांची रांग लागते, तिकडे फिरकू नका. उत्तरेला ट्वेंटीनाइन पाम्सला बाहेर पडा. आणि दुपारी दोनच्या आत निघा, नाहीतर पाम स्प्रिंग्जच्या पुढे सुट्टीवरून परतणारं अख्खं लॉस एंजेलिस तुमच्या पुढ्यात असेल.