टूर द फ्रान्ससारख्या सायकल शर्यतीत कमी पैशांच्या संघाचं नेमकं कुठे अडतं?

सायकलीपेक्षा गाडी आणि माणसांत. स्वारांच्या मागून सुटी चाकं आणि पाणी घेऊन संघांच्या मोटारगाड्या येतात. त्या कोणत्या क्रमाने धावणार, हे एकूण वेळेत संघाचा सर्वांत पुढचा स्वार कितवा आहे त्यावर ठरतं. कमी पैशांच्या संघाचा हा स्वार साठावा असेल तर गाडी ताफ्याच्या शेपटाला. पंक्चर झालं की चाक येईपर्यंत स्वार रस्त्याकडेला ताटकळतो आणि मग गट गाठतानाच पाय संपतात. डोंगराचा टप्पा असेल तर वेळमर्यादेबाहेर जाऊन शर्यतीतून बाद, थेट घरी.

दुसरं, मदतनीस. ताशी ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायची तर वाटेत ठिकठिकाणी बाटल्या घेऊन माणूस उभा हवा. मदतनीस तिघेच असले तर एक हॉटेलवर, एक अंतिम रेषेवर, उरला एक. मग पाण्यासाठी स्वारच मागे गाडीकडे जातो, आणि गाडी तर शेवटी! जर्सीत सहा बाटल्या कोंबून परत चढ चढायचा.