स्पॅनिश क्रियापदं: आधी अक्षरं तोडा, मग जोर द्या

भाऊ, सगळे काळ एकदम पाठ करायला बसू नका. आधी 'आब्लार' (बोलणे) हे एकच क्रियापद तोंडात बसवा. इथे 'अक्षर' म्हणजे एका झटक्यात उच्चारायचा तुकडा.

पहिली चूक जोडाक्षराची. आपण 'पुत्र' म्हणताना पुत्-र असं तोडतो, म्हणून 'आब्लो'चं (मी बोलतो) आपसूक आब्-लो होतं. स्पॅनिशमध्ये ब्ल, ब्र, त्र फुटत नाहीत: आ-ब्लो. 'कान्तो' (मी गातो) मात्र कान्-तो असंच तुटतं.

आता जोर:
- शेवटी स्वर, न किंवा स असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. आ-ब्लो आणि आ-ब्लान (ते बोलतात) मध्ये 'आ'वर, आ-ब्ला-मोस (आम्ही बोलतो) मध्ये 'ब्ला'वर.
- शेवटी न, स सोडून इतर व्यंजन असेल तर शेवटच्या अक्षरावर: आ-ब्लार.
- स्वरावर तिरकी रेघ दिसली की जोर तिथेच.

ही रेघ वहीत लिहिताना कधीच गाळू नका. मराठीत जोरानं शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सपाट बोलतो अन् नेमके इथे फसतो. जोर 'आ'वर असेल तर 'मी बोलतो', 'ब्लो'वर गेला तर 'तो बोलला'!

शेजारचे स्वरही पाहा. 'मी शिकतो' हे एस-तु-द्यो, तीनच अक्षरं, कारण इ आणि ओ एकत्र होतात. 'त्याच्याकडे होतं' हे ते-नी-आ. तिथे 'ई'वर रेघ आहे, म्हणून दोन्ही स्वर वेगळे. 'तेन्या' म्हणू नका.

रोज दहा मिनिटं, वर्तमानकाळाची सहा रूपं मोठ्यानं म्हणा, जोराच्या अक्षरावर टाळी. गावात रेंज नसली तरी शेताच्या वाटेवर हे होतं. आज्ञार्थाला चिकटणारी सर्वनामं सध्या राहू द्या.