पहिली दोन वर्षं पैशाकडं कसं पाहायचं

वकिलीची सनद घेतलीस, अभिनंदन! सध्या तीनच गोष्टी सांगतो, बाकी पुढं पाहू.

१. सिनिअर, म्हणजे ज्याच्या हाताखाली काम शिकायचं तो वकील, निवडताना ‘किती देणार?’ हे जरूर विचार, लाजू नकोस. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलंय. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. माझ्या पहिल्या सिनिअरनं सहा महिने फक्त चहा पाजला! तरी उलटतपासणी तिथंच शिकलो. काम शिकवत असतील तर थोडं कमी चालेल. नुसत्या तारखा घ्यायला पाठवत असतील तर निघ.

२. फी आधी ठरव, कागदावर लिही. टायपिंग, कोर्ट फी वेगळी सांग. सगळे इथंच चुकतात, नातेवाइकांच्या केसमध्ये तर हमखास. ‘जिंकलो तर इतके टक्के’ हे नियमात बसत नाही.

३. पहिल्याच महिन्यात सिव्हिल लाइन्ससारख्या महाग भागात भाड्यानं ऑफिस थाटू नकोस. सकाळी जिल्हा न्यायालय, जमेल तेव्हा हायकोर्टाच्या खंडपीठात मागं बसून ऐक.

न्यायाधीश व्हायचंय? सुप्रीम कोर्टाच्या मे २०२५ च्या निकालानं तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झालीय, त्यामुळं हे दिवस वाया जात नाहीत.